बोर्ड गेम डिझायनरचा दिवस नेमका कसा जातो? सविस्तर सांगते

प्रश्न असा आलाय: "मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मित्रांसोबत बोर्ड गेम खूप खेळतो, स्वतःच्या दोन-तीन आयडिया वहीत लिहून ठेवल्यात. हे काम पूर्णवेळ करणाऱ्याचा दिवस कसा असतो, दिवसभर खेळायला मिळतं का आणि त्यावर घर चालतं का?" मी पुण्यात बरीच वर्षं हेच काम करतेय, तर जसं आहे तसं सांगते. थोडं लांबेल, कारण "मज्जा असते" एवढ्यावर सोडून दिलं तर तुझ्या काही कामाचं नाही.

खेळायला मिळतं का, तर हो, पण जे खेळतो ते बहुतेक वेळा अर्धवट असतं. दुसऱ्यांचे छान तयार झालेले गेम मी संध्याकाळी खेळते, अभ्यास म्हणूनही आणि आवड म्हणूनही. दिवसा टेबलवर असतो तो माझा मोडका गेम, ज्यात तिसऱ्या फेरीनंतर सगळं ठप्प होतं किंवा पहिली पाळी मिळालेला भिडू दरवेळी जिंकतो, आणि ते का होतंय हे शोधत बसायचं. खरं काम तेच आहे. आयडिया सगळ्यांकडे असतात, माझ्याकडेही वह्या भरल्यात, पण गेम बनतो तो लोक खेळत असताना तोंड बंद ठेवून बघत बसण्यात आणि मग जे नकोय ते काढून टाकण्यात.

माझी सकाळ लॅपटॉपवर जाते. स्वयंपाकाचं आवरून साडेनऊ-दहाला बसते आणि पहिले दोन-अडीच तास स्प्रेडशीट. यात काय असतं ते सध्या टेबलवर असलेल्या गेमवरून सांगते, म्हणजे हवेतल्या गप्पा होणार नाहीत. गेम हापूस आंब्याच्या सीझनवर आहे, चार भिडू म्हणजे चार व्यापारी, कोकणातून आलेल्या पेट्या लिलावात घ्यायच्या, आपल्या अढीत पिकवायच्या आणि योग्य वेळी विकायच्या. प्रत्येक पेटी म्हणजे एक पत्ता. कच्ची पेटी अढीत ठेवली की दर फेरीला एक घर पुढे सरकते, कच्ची, मग तयार व्हायला आलेली, मग तयार, आणि तयार झाल्यावरही ठेवून दिलीस तर उतरलेली. बाजारभाव मात्र उलटा चालतो, सीझनच्या सुरुवातीला चढा आणि मे महिन्यात आवक वाढली की खाली. सहा फेऱ्या आहेत आणि भाव ८, ७, ६, ५, ४, ३ असा उतरतो.

आता शीटमध्ये मी बघते की दोन रस्ते एकमेकांच्या तोडीचे आहेत का. पहिल्या फेरीत कच्ची पेटी २ ला घेतली तर ती तिसऱ्या फेरीत तयार होते, तेव्हा भाव ६, म्हणजे सुटले ४. तयार पेटी ५ ला घेऊन त्याच फेरीत ८ ला विकली तर सुटले ३. कागदावर कच्ची जास्त फायद्याची दिसते, पण पैसे दोन फेऱ्या अडकून पडतात आणि तेवढ्यात तयार पेटीवाला तेच पैसे परत फिरवतो. असे सगळे रस्ते मांडायचे, आणि कुठला रस्ता डोळे झाकून घ्यावा असा निघाला की तिथला आकडा हलवायचा. यासाठी फार मोठं गणित लागत नाही, बारावीचं प्रोबॅबिलिटी नीट आलं तरी बराच पल्ला गाठता येतो. दोन फासे टाकले की ३६ जोड्या होतात, त्यात ७ सहा प्रकारे येतो आणि २ किंवा १२ एकेकाच प्रकारे. कटान या फाशांवर चालणाऱ्या गेममध्ये ६ आणि ८ हे आकडे लाल रंगात छापलेत ते याचसाठी, ७ सोडला तर तेच सगळ्यात जास्त पडतात. गणितात पुढे गेलेले डिझायनरही आहेत, जर्मनीचे रायनर क्निझिया गणितात डॉक्टरेट आहेत आणि त्यांचे शेकडो गेम प्रकाशित झालेत. पण शीट फक्त एवढंच सांगतं की गेम न्याय्य आहे का. मजा येतेय का हे शीटला कळत नाही.

दुपारी कापाकापी. प्रोटोटाइप, म्हणजे खेळून बघायचा कच्चा नमुना, देखणा असावा असं नवीन लोकांना वाटतं आणि ते आर्ट करत बसतात. माझ्याकडे जुन्या पत्त्यांचे कॅट असतात, प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये जुना पत्ता घालायचा आणि त्याच्यापुढे साध्या कागदावर छापलेली चिठ्ठी सरकवायची. पत्त्याचा कडकपणा मिळतो, पिसता येतो आणि आकडा बदलला तर फक्त चिठ्ठी बदलायची, किंवा सरळ बॉलपेनने खोडून वर नवीन आकडा लिहायचा. मणी, लाकडी ठोकळे, प्लॅस्टिकची नाणी बोहरी आळीत किलोवर मिळतात. पत्त्यांचा मजकूर शीटमध्ये ठेवायचा आणि तिथून आपोआप पत्त्यांवर ओतायचा, नॅनडेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्याने होतं, नाहीतर एकेक पत्ता हाताने बदलताना जीव जातो. आणि हो, छान रंगवलेला प्रोटोटाइप असेल तर लोक नावं ठेवायला कचरतात, एवढी मेहनत केलीय म्हणून गोड बोलतात, त्यामुळे सुरुवातीला ओबडधोबडच बरा.

पत्ते किती ठेवायचे हेही मनावर नसतं. छपाईत पोकर साइजचे, म्हणजे ६३ बाय ८८ मिलीमीटरचे, पत्ते एका मोठ्या शीटवर साधारण ५४-५५ बसतात. तुझ्या गेमला ५८ पत्ते लागत असतील तर चार पत्त्यांसाठी दुसऱ्या शीटचा खर्च. म्हणून आंब्याच्या गेममध्ये चार भिडू, दर फेरीला सरासरी दोन पेट्या, सहा फेऱ्या असे ४८ आणि दर फेरीला एक खास पेटी अशा ६, म्हणजे बरोबर ५४ वर आणून ठेवलंय.

आता टेस्टिंग, यावर मी जास्त बोलणार आहे कारण सगळं इथेच ठरतं. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी आणि रविवार यातच जातात. आधी एकटीच चारही भिडूंच्या जागी बसून खेळते, खुर्च्या बदलत, त्यात ढोबळ भोकं सापडतात. मग दुसरे डिझायनर, ते निर्दयपणे तोडतात आणि तेच हवं असतं. मग घरगुती लोक, कॉलेजची मुलं, सोसायटीतल्या काकू, ज्यांना मेंढीकोट आणि बदाम सात येतं पण ज्यांनी आयुष्यात युरो गेम, म्हणजे नशिबापेक्षा डोकं चालवून खेळायचा युरोपियन धाटणीचा बोर्ड गेम, बघितलेला नाही. शेवटी ब्लाइंड टेस्ट, ते पुढे सांगते.

तर हा आंब्याचा लिलाव. आपल्याकडे बाजारात रुमालाखाली हात घालून बोटं दाबून सौदा करायची पद्धत होती, हत्ता पद्धत म्हणतात, बाकीच्यांना भाव कळत नाही. मला तेच गेममध्ये हवं होतं. एक भिडू अडत्या होणार, बाकीचे तिघं पाळीपाळीने रुमालाखाली त्याची बोटं दाबून बोली सांगणार, एक ते पाच. पहिल्या फेरीत टेबलवर नुसता दंगा झाला, लोक हसत होते, चेहरे वाचायचा प्रयत्न करत होते, एका आजोबांनी तर वाशी मार्केटमधल्या आठवणी काढल्या. दुसऱ्या फेरीतही छान. तिसऱ्या फेरीत एक मुलगी मोबाईल बघायला लागली. मी वहीत वेळ टाकला आणि काही बोलले नाही. चौथ्या फेरीत अडत्या म्हणाला तू तीन दाबलीस, समोरचा म्हणतो चार, आणि वाद.

हे असं बघताना बोलायचं नाही, हा माझा सगळ्यात कडक नियम आहे. तोंडावर येतं की अरे असं नाही, असं खेळ, पण तू खोक्यातून बाहेर येऊन प्रत्येकाच्या घरी समजवायला जाणार नाहीस. मी फक्त लिहिते: कोण कधी मागे टेकून बसला, कुणी नियम दुसऱ्यांदा विचारला, कुणाचा हात पत्त्याकडे गेला आणि परत आला, कधी हसू आलं, कधी कुणी "चला संपवू" म्हणालं. खेळून झाल्यावर लोक जे उपाय सुचवतात ते ऐकून घेते, पण जास्त भर त्यांच्या तक्रारीवर देते. तिसऱ्या फेरीत मोबाईल उचलणारी मुलगी म्हणाली की पेट्या कमी करा. तिची अडचण पेट्यांची नव्हतीच, दर पेटीला दोघांची बोली संपेपर्यंत तिला नुसतं बसावं लागत होतं ही होती.

मग रुमाल काढायचा का? सोपं उत्तर ते होतं, मुठीत नाणी धरून सगळ्यांनी एकदम उघडायची, दहा सेकंदात लिलाव संपतो. पण रुमाल गेला की गेमचा जीव जातो, हे मी त्या पहिल्या फेरीत डोळ्यांनी बघितलं होतं. शेवटी असं ठरलं की साध्या पेट्या मुठीतल्या नाण्यांवर आणि दर फेरीला एकच मुहूर्ताची, म्हणजे ती खास पेटी रुमालाखाली. वाद मिटवायला बोली लावणाऱ्याने आधी आपल्यासमोर आकड्याचा पत्ता पालथा ठेवायचा, मग हात घालायचा, शेवटी पत्ते उघडले की कुणी खोटं बोललं ते तिथेच दिसतं. फेरीचा वेळ निम्म्याच्या आसपास आला आणि रुमालाची वाट बघायला लागले लोक, जे आधी होत नव्हतं.

दुसरा प्रश्न शेवटच्या दोन फेऱ्यांचा होता. भाव ४ आणि ३, पाचव्या फेरीत घेतलेली कच्ची पेटी गेम संपेपर्यंत तयारच होत नाही, म्हणजे लोक पैसे धरून बसून राहायचे. बरेच दिवस आकडे हलवून झाले. उत्तर कोकणातच होतं: सीझनच्या शेवटी आंबा कॅनिंगला, म्हणजे डब्यात रस भरणाऱ्या कारखान्यांना जातो, भाव कमी पण ठरलेला आणि माल सरसकट घेतात. गेममध्ये शेवटच्या दोन फेऱ्यांत कॅनिंग उघडतं, कसलीही पेटी सरसकट २ ला. आता शेवटी कच्ची पेटी १ ला मिळाली तर घ्यावीशी वाटते, आणि उतरलेल्या पेट्या नुसत्या फेकून द्याव्या लागत नाहीत. विषय नीट माहिती असेल तर अशी उत्तरं त्यातूनच मिळतात, म्हणून मी म्हणते की ड्रॅगन आणि किल्ल्यांवर गेम करण्याआधी तुला ज्याची खडानखडा माहिती आहे तो विषय घे. विंगस्पॅन या पक्ष्यांवरच्या गेमचं उदाहरण बघ, एलिझाबेथ हारग्रेव्ह यांना पक्ष्यांची आवड, त्यांनी मोठमोठ्या शीटमध्ये पक्ष्यांची माहिती भरली आणि १७० वेगवेगळे पक्षी पत्त्यांवर आले, २०१९ ला जर्मनीचा केनरश्पील पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तर खजिना पडलाय. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, एकदा हातात घेऊन बघच.

एक बारीक गोष्ट राहिली, रंग. कच्चा हिरवा, तयार पिवळा, उतरलेला तपकिरी असे पत्ते केले होते. पिवळ्या दिव्याखाली तयार आणि तयार व्हायला आलेला सारखेच दिसतात, आणि ज्यांना लाल-हिरवा ओळखू येत नाही असे लोक, विशेषतः पुरुष, प्रत्येक ग्रुपमध्ये कधी ना कधी निघतातच. त्यामुळे कोपऱ्यात आकारही हवा, पान, अर्धा आंबा, पूर्ण आंबा असं काहीतरी. खोक्यावर दिसायला छान असण्यापेक्षा रात्री दहा वाजता घरातल्या एका बल्बखाली वाचता येणं जास्त महत्त्वाचं.

नियमपुस्तिका हे कुणाला न सांगितलेलं अर्धं काम आहे. ब्लाइंड टेस्ट म्हणजे बंद खोका आणि नियम अनोळखी ग्रुपच्या हातात द्यायचा, मी खोलीत असले तरी भिंतीसारखी बसणार किंवा ते व्हिडिओ काढून पाठवणार. "पाळीला दोन पेट्या घ्या" असं लिहिलं तर एक ग्रुप दोन घ्यायच्याच असं समजतो आणि पैसे संपून अडकतो, दुसरा ग्रुप एकच घेतो. "पाळीला जास्तीत जास्त दोन पेट्या घेता येतात, एकही नाही घेतली तरी चालते" एवढं लिहावं लागतं. एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव, पहिल्या पानावर पेटी म्हटलं की तिसऱ्या पानावर बॉक्स नको. आणि सुरुवातीलाच सांगायचं की जिंकायचं कसं, नाहीतर लोक पाच पानं वाचतात आणि विचारतात की करायचं काय आहे. इंजिनिअर आहेस तर डॉक्युमेंटेशनचा कंटाळा करू नकोस, इथे तेच विकलं जातं.

आता पैसे. डिझायनरने गेम प्रकाशकाला दिला तर रॉयल्टी मिळते, साधारण पाच ते आठ टक्के, आणि ती बहुतेक वेळा एमआरपीवर नसून प्रकाशकाच्या हातात पडलेल्या रकमेवर असते. हजार रुपयांच्या गेमचे दुकानदार-डिस्ट्रिब्युटर जाऊन प्रकाशकाला ५०० मिळाले असं धर, सहा टक्क्यांनी तुझे ३० रुपये. हजार कॉपी खपल्या तर ३० हजार, आणि तो गेम करायला वर्ष-दोन वर्षं गेलेली असतात. क्लाउस टॉयबर यांचा कटान १९९५ ला आला, गाजला, तरी त्यांनी डेंटल लॅबचं काम आणखी काही वर्षं चालूच ठेवलं होतं. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण नोकरी सोडून पहिला गेम करायला बसू नकोस एवढं कळकळीने सांगते. माझं घर चालतं ते कंपन्यांसाठी ट्रेनिंगचे गेम, शाळांसाठी आणि संस्थांसाठी करून दिलेले गेम, वर्कशॉप, आणि मग रॉयल्टी, याच क्रमाने. त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस असेही असतात की आंबे बाजूला ठेवून कुठल्यातरी बँकेच्या नवीन स्टाफला कर्जाचे नियम शिकवणारा पत्त्यांचा गेम करायचा असतो, आणि तेही काम मला मनापासून आवडतं, कारण तिथेही माणसं टेबलाभोवती बसून एकमेकांकडे बघून खेळतात.

स्वतःच छापायचं असेल तर हिशोब वेगळा. चीनमधले कारखाने साधारण पाचशे ते दीड हजार कॉपींच्या खाली हात घालत नाहीत, शिवकाशीला कमी कॉपींचं काम होतं पण लाकडी सोंगट्या, जाड पंचबोर्ड (ज्यातून तुकडे सुटे करून घेतात तो पुठ्ठा) हे वेगवेगळ्या ठिकाणाहून जमवावं लागतं. एमआरपी ही बनवायच्या खर्चाच्या चार-पाचपट तरी लागते नाहीतर दुकानदाराचं कमिशन दिल्यावर हातात काही उरत नाही. क्राउडफंडिंगने, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे गोळा करून, होऊ शकतं, मुंबईच्या मीमेसिस कल्चर लॅबचा शासन हा राजकारणावरचा गेम किकस्टार्टर या वेबसाइटवर असाच उभा राहिला आणि जगभर गेला. आणि एक कायद्याची गोष्ट ध्यानात ठेव: चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचं खेळणं असेल तर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं सर्टिफिकेट लागतं. खोक्यावर वय काय टाकायचं हे त्यामुळे पहिल्या दिवशी ठरवायचं.

वहीतल्या आयडिया कुणी चोरेल या भीतीने लपवून ठेवल्या असशील तर ती भीती काढून टाक. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलंय की खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही, म्हणजे मेकॅनिक, गेम ज्या युक्तीवर चालतो ती, कुणाच्या मालकीचं होत नाही. नियमांचा लिहिलेला मजकूर, चित्रं, यावर कॉपीराइट असतो. या क्षेत्रात सगळे एकमेकांना अर्धवट गेम दाखवतात, त्याशिवाय चालतच नाही. प्रकाशकाला दाखवायचं तर एका पानाचं सेल शीट कर: किती भिडू, किती मिनिटं, वय, सामान काय आणि या गेममध्ये असं काय आहे जे दुसऱ्यात नाही, हे दोन ओळीत. दर ऑक्टोबरला जर्मनीत एसेनला बोर्ड गेमचं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन भरतं, तिथे प्रकाशक वीस-तीस मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये गेम बघतात, त्याची तयारी आम्ही सगळे उन्हाळ्यापासून करतो. पण ते नंतर.

आत्ता तू काय करशील, तर वहीतली सगळ्यात कमी सामान लागणारी आयडिया निवड, पत्त्यांचा एक जुना कॅट आणि बॉलपेन यात बसेल अशी. रविवारी अशा तिघांना बसव ज्यांना तुझं मन राखायची गरज वाटत नाही. नियम एकदाच सांग, मग घड्याळ आणि वही घेऊन गप्प बस. गेम अर्ध्यात फसला तर तिथेच थांबव, उगाच शेवटपर्यंत ओढू नकोस, लोकांचा वेळ उधारीवर घेतलेला असतो. संपल्यावर "आवडला का" विचारू नकोस, आपली माणसं हो म्हणतातच. विचार की कुठल्या क्षणी कंटाळा आला, कुठला पत्ता हातात आल्यावर बरं वाटलं, आणि शेवटून किती आधी कळलं की आता कोण जिंकणार. ही तीन उत्तरं लिहून त्याच रात्री एकच गोष्ट बदल, दोन नको, नाहीतर पुढच्या रविवारी फरक कशाने पडला ते कळणार नाही.